सरपंचबाईंची अपत्ये किती?

मंगळवार, सकाळचे अकरा. वर्ध्यातल्या एका सरकारी कार्यालयाचा पहिला मजला. साहेबांच्या दालनाबाहेर एक लोखंडी बाक. बाकावर चौघे: सरपंच बेबीताई, वय चौऱ्याहत्तर, तिचे पती भाऊराव, रेल्वेतून निवृत्त, तिची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण लीलाबाई, आणि मी. सतरा वर्षांची प्रणाली भिंतीला टेकून उभी, कारण बाक चौघांचाच होता. आत सुनावणी व्हायची होती. प्रश्न एकच: बेबीताईला मुलं किती?

प्रश्न साधा आहे असं मलाही वाटलं होतं. आता वाटत नाही.

कायदा असा. ठराविक तारखेनंतर जन्मलेली मुलं धरून दोनपेक्षा जास्त अपत्यं झाली की सरपंचपद जातं. बेबीताईला स्वतःची मुलं दोन, एक मुलगी, एक मुलगा, आणि दोघंही त्या तारखेच्या कितीतरी आधीची. पण तक्रारदारानं गावच्या शाळेच्या नोंदवहीतले सात उतारे जोडले होते. सात मुली, सातही त्या तारखेनंतर जन्मलेल्या, आणि सातही ठिकाणी आईच्या नावाच्या रकान्यात बेबीताई! हो म्हटलं तर पद गेलं. नाही म्हटलं तर सात मुलींचे शाळेचे दाखले खोटे ठरणार. मधला रस्ता कोणत्याही कलमात नाही. मी शोधला.

तक्रारदार गुणवंतराव. जागा महिला राखीव, निवडणूक हरली त्यांची बायको, तक्रार मात्र नवऱ्याची! गाव केळझर आणि सिंदी (रेल्वे) यांच्या मधलं. नाव देत नाही, प्रकरण चालू आहे.

बत्तीस वर्षं मी या जिल्ह्यात बातमीदारी केली. बेबीताईवर छापून आलेल्या माझ्या बातम्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. न छापलेले किस्से मात्र साचत गेले. बातमीला जागा लागते, 'कोण म्हणालं' लागतं, संपादकाचा मूड लागतो. किश्शाला फक्त एक बाक लागतो आणि आत बोलवायला उशीर करणारं सरकार. त्या दिवशी दोन्ही हजर होतं.

*

पहिल्या मुलीपासून सांगतो.

सिंदीकडे कापसाचे जिनिंग, म्हणजे सरकी काढायचे कारखाने आहेत. हंगामात बाहेरून मजूर येतात, हंगाम संपला की जातात. जाताना कधी कधी एखादं पोर मागे राहतं. बाप म्हणतो, पुढच्या खेपेला नेतो. पुढची खेप येते, बाप येत नाही. वैशाली अशी राहिली. आई तिला टाकून गेली होती की आईलाच हाकललं होतं, हे बापानं सांगितलं नाही. नावही सांगितलं नाही. "तिचं नाव माह्या तोंडी येनार नाई" एवढंच म्हणून तो गेला.

बेबीताई पोरीचा हात धरून शाळेत गेली. हेडमास्तर फॉर्म भरायला बसले.

"वडिलांचं नाव?"

सांगितलं.

"आईचं नाव?"

"मालूम नाई."

"बाई, हा रकाना रिकामा ठेवता येत नाही. वरून तसा आदेश आहे."

"मंग?"

"मंग काय? काहीतरी लिहावं लागेल."

"मंग माहं लिवा. मी उभी हाये न इथं!"

हेडमास्तरांनी लिहिलं. एवढंच झालं. देशातला एक मोठा दस्तऐवज असा तयार झाला: एका माणसाला रकाना भरायचा होता आणि एक बाई समोर उभी होती.

पुढच्या सहा-सात वर्षांत अशाच आणखी सहा. कोणाची आई मेलेली आणि बापाला तिचं कागदावरचं नाव माहीत नाही, कोणाच्या आईनं दुसरं घर केलेलं. दुसऱ्या मुलीपासून तर हेडमास्तर विचारतही नव्हते. बेबीताई फाटकातून आत येताना दिसली की नोंदवही उघडायचे.

मी तिला एकदा म्हटलं, "ताई, हे खोटं नाही का? कायद्यानं दत्तक घ्यायचं असतं. त्याची पद्धत असते."

ती म्हणाली, "खोटं? सकाळी तिची येनी कोनं घातली?"

"तूच."

"मंग लिव न तुह्या पेपरात का येनी खोटी हाये!"

मी लिहिलं नाही. मी त्याहून वाईट केलं, ते पुढे येईल.

*

आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दारू मिळते, फक्त दुकानाला पाटी नसते. बेबीताईच्या महिला मंडळानं नाल्यातल्या हातभट्ट्या फोडण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. एकदा भर दुपारी दोन वाजता बायकांनी मोहाच्या दारूचे तीन कॅन पकडले आणि पोलीस ठाण्यातल्या जमादारांना बोलावलं. जमादार आले ते मोटरसायकलवर.

"ताई, मुद्देमाल मोठा आहे. गाडीवर बसत नाही. उद्या जीप पाठवतो. आजच्या दिवस तुमच्या घरी ठेवा, इथं सही करा."

बेबीताईनं सही केली. कॅन घरी नेऊन पलंगाखाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी जीप आली, पण ती दुसऱ्याच खात्याची! कोणीतरी निनावी फोन केला होता की दारूबंदीवाल्या बाईच्या घरातच दारूचा साठा आहे. बेबीताई शेतात. घरी एकटे भाऊराव, खाटेवर बसून शेंगा फोडत होते.

पथकानं कॅन ओढून बाहेर काढले. साहेबांनी दरडावलं, "ही दारू कोणाची?"

भाऊराव म्हणाले, "सरकारी!"

पथकाला हा उद्धटपणा वाटला. तासभर चौकशी झाली. भाऊराव खरं तेच सांगत होते, पण खरं इतकं विचित्र होतं की प्रत्येक वेळी सांगितल्यावर ते जास्त खोटं वाटत होतं. शेवटी ते चिडले. "चाळीस वर्सं झाली, या बाईनं मले थेंब पिऊ देल्ला नाई. अन् माह्याच पलंगाखाली तीन डबे! साहेब, गुन्हा माह्यावर नाई, तिच्यावर लावा. छळाचा!"

पंचनाम्यात लिहिलं गेलं: बेबीताईच्या ताब्यातील तीन कॅन. तो पंचनामा निस्तरायला चार महिने लागले. छाप्याची बातमी आमच्या पेपरात आठ ओळी आली. निस्तरल्याची मी लिहून दिली तर संपादक म्हणाले, "यात न्यूज काय? दारू तिची नव्हती, एवढंच ना!"

मी त्या दिवशी भांडलो. आजही भांडतो. कोणाच्या नावावर काही चढवायला एक सही पुरते आणि उतरवायला चार महिने लागतात, ही बातमी नाही तर काय आहे?

*

बेबीताईच्या मुलाचं, नितीनचं लग्न ठरत होतं तेव्हाचं. हिंगणघाटहून मुलीचे वडील घर पाहायला आले. शिस्तीचा माणूस, शाळामास्तर. ओट्यावर बसले. आतून एक मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आली. त्यांनी प्यायलं. दुसरी आली, तिच्याही हातात ग्लास. पाहुणा कसा आहे ते बघायचं होतं सगळ्यांना, आणि बघायला जायचं तर पाणी न्यायला हवं, हा त्यांचा हिशोब. मास्तर सभ्य. पोरीनं आणलेलं परत कसं पाठवायचं म्हणून प्रत्येकीच्या ग्लासातून घेत राहिले. सहावा ग्लास झाल्यावर त्यांनी भाऊरावांना विचारलं, "या सगळ्या कोण?"

"आमच्याच."

"सगळ्या?"

"एक आंगनात खेळून राह्यली."

मास्तरांनी बेबीताईकडे पाहिलं. तेव्हा ती बासष्टची. मग अंगणातल्या प्रणालीकडे पाहिलं. ती पाच वर्षांची. मास्तर गणिताचे होते. त्यांच्या चेहऱ्यावर वजाबाकी दिसत होती!

"कळवतो," म्हणाले आणि उठले.

तीन दिवसांनी फोन आला. वडिलांचा नाही, मुलीचाच, माधुरीचा. बेबीताईलाच म्हणाली, "आई, बाबा घाबरलेत. सात नणंदा म्हणे! मला चालेल. फक्त सगळ्यांची नावं एका कागदावर लिहून पाठवा, लग्नात चुकायला नको."

बेबीताईनं कागद पाठवला. माधुरीनं तो पाठ केला. परवा मी तिला विचारलं, तर म्हणाली, "काका, तो कागद अजून आहे माझ्याकडे. सुनावणीत लावायचा का?"

मी म्हटलं, नको बाई, आणखी एक पुरावा होईल.

*

आता माझं पाप.

तक्रारीला जोडलेला पुरावा क्रमांक तीन म्हणजे माझी बातमी! दहा वर्षांपूर्वी मीच दिलेलं शीर्षक: 'सात लेकींची माय'. खाली फोटो, बेबीताई मधोमध आणि दोन्ही बाजूंना सात पोरी. त्या बातमीसाठी मला जिल्हा पत्रकारांच्या मेळाव्यात शाल मिळाली होती. गुणवंतरावांनी फोटोतल्या प्रत्येक पोरीच्या डोक्यावर लाल शाईनं एक ते सात आकडे टाकले होते.

मी त्यांना त्यांच्या ओसरीवर गाठलं. "गुणवंतराव, वाचता येतं ना तुम्हाला? खाली स्पष्ट लिहिलंय की या मुली तिनं सांभाळल्यात!"

"शीर्षक कोनाचं, भाऊ?"

"माझं."

"मंग मले काऊन दाटून राह्यले? म्या तं तुमचंच वाचलं."

दाटायला, म्हणजे दरडावायला, मी गेलो आणि दाटून घेऊन परतलो. बत्तीस वर्षांत मला इतकं सरळ कोणत्याही मंत्र्यानं सुनावलं नव्हतं.

*

सुनावणीच्या आधी दोन महिने नोटीस आली होती. तीत होतं की सदर सात अपत्ये आपली नसल्यास तसे सक्षम पुराव्यानिशी सिद्ध करावे.

मी बेबीताईला घेऊन कार्यालयातल्या बाबूंकडे गेलो. "अहो, सक्षम पुरावा म्हणजे काय आणायचं?"

बाबू माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "वैद्यकीय प्रमाणपत्र चालेल."

"कशाचं?"

"प्रसूती झाली नसल्याचं."

आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं नोटीस दोनदा वाचली. मग म्हणाली, "सर, बाळंतपण झालं तर मी दाखला देते. झालं नाही याचा दाखला आमच्याकडे छापलेलाच नाही."

"मग साध्या कागदावर द्या."

"किती बाळंतपणं झाली नाहीत ते लिहू?"

"सात."

ती विचारात पडली. "पण सर, न झालेली तर कितीही निघतील. फक्त सातच कशी लिहू?"

मला तिचं म्हणणं पटलं. इथूनच माझं डोकं फिरायला लागलं.

पुन्हा बाबूंकडे. मी उतारे त्यांच्यासमोर पसरले. "हे बघा. या तीन मुलींचा जन्म एकाच वर्षातला. चार-चार महिन्यांच्या अंतरानं. तीन वेगळे बाप. आणि आई सत्तावन्न वर्षांची! हे शक्य आहे का?"

बाबूंनी तिन्ही कागद पाहिले, तारखा बोटांवर मोजल्या आणि म्हणाले, "भाऊ, शक्य-अशक्य आमच्याकडे नाही. आमच्याकडे नोंद आहे का नाही, एवढंच."

सात बापांची गोष्ट निघाल्यावर मात्र मी खरंच भडकलो. एका म्हाताऱ्या बाईच्या नावासमोर सात परक्या पुरुषांची नावं सरकारी फायलीत एकाखाली एक मांडली गेली होती आणि ती फाईल तीन टेबलांवरून फिरली होती. प्रत्येक टेबलावर चहाबरोबर हसू! मला वाटलं, भाऊरावांना हे लागेल. बाकावर त्यांना म्हणालो, "काका, वाईट वाटून घेऊ नका."

भाऊराव म्हणाले, "वाईट कायचं? सात जावई आले असते तं मान द्या लागला असता. हे तं नुसते नावंच हायेत. जेवाले बी येत नाई!"

*

वकिलांनी सोपा उपाय सांगितला होता. एक प्रतिज्ञापत्र: या मुली माझ्या नाहीत, शाळेत माझं नाव चुकीनं लागलं. सही केली की पद वाचलं.

पदाची हाव बेबीताईला नव्हती, पण गरज होती. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत जिनिंगवर जाणाऱ्या बायकांच्या लेकरांसाठी पाळणाघर व्हायचं होतं. भिंती झाल्या होत्या, छताचे पत्रे यायचे होते. तीच इमारत गुणवंतरावांना खताच्या गोदामाला हवी होती. बेबीताई गेली की पत्रे येतील, पण पाळण्यांवर नाही, पोत्यांवर!

दुसरीकडे प्रणाली. बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला, कागदपत्रांची तपासणी त्याच आठवड्यात. पहिलीपासून बारावीपर्यंत तिच्या प्रत्येक कागदावर आईचं नाव बेबीताई. त्याच हप्त्यात बेबीताई सरकारला लिहून देणार की ही माझी नाही?

लीलाबाईचं मत पक्कं होतं. ती बाकावर बसूनही भांडत होती.

"सही कर न व बेबे! पोरीयचं काय, त्याईच्या कागदाचं मंग पाहू. थे गोदाम होऊन गेलं तं तुले अन् मले लेकरं घेऊन शेताच्या धुऱ्यावर बसा लागन."

"मंग पाहू म्हंजे कधी?"

"मंग म्हंजे मंग!"

"लीले, तू मले अठरा वर्सांपासून मंग सांगून राह्यली."

"तुले समजतच नाई व! तू काई त्याईची खरी माय हायेस का?"

लीलाबाईनं स्वतःच पदर तोंडाला लावला. सातपैकी चार पोरींची आजारपणं तिनंच काढली होती.

प्रणाली भिंतीपासून म्हणाली, "माय, दे लिहून. एक वर्ष गेलं तर गेलं. मी पुढच्या वर्षी फॉर्म भरीन."

"अन् त्याच्यात मायचं नाव काय लिवशीन?"

प्रणालीनं हातातली कागदांची फाईल छातीशी धरली.

मी बेबीताईच्या बाजूनं होतो की लीलाबाईच्या, हे मला तेव्हाही कळलं नाही. मी दोघींशी भांडलो. वकिलांशीही भांडलो. वकील म्हणाले, "तुम्ही एक काम करा. आत येऊ नका."

*

चार वाजता आत बोलावलं. मी गेलोच.

साहेब चाळिशीच्या आतले, चेहऱ्यानं थकलेले. एका बाजूला गुणवंतराव, दुसऱ्या बाजूला आम्ही. बाबू टंकलेखनाला. प्रतिज्ञापत्र तयार होतं, स्टॅम्पपेपरवर, फक्त सहीची जागा कोरी. वकिलांनी ते बेबीताईसमोर सरकवलं, वर पेन ठेवला.

तिनं पेन घेतला आणि विचारलं, "साहेब, हे कायचं हाये?"

वकिलांनी कपाळाला हात लावला. साहेब शांतपणे म्हणाले, "या मुली तुमच्या नाहीत असं तुम्ही लिहून देताय."

"कोनत्या पोरी?"

"नावं वाचू?"

"वाचा."

साहेबांनी उतारे हातात घेतले. "वैशाली. ही तुमची?"

"हो."

"आजी, विचार करून बोला. याचा परिणाम माहीत आहे ना?"

"माहीत हाये. पुढची वाचा."

दुसरी. "हो." तिसरी. "हो." चौथ्या नावाला वकिलांनी बेबीताईची बाही ओढली. तिनं हात सोडवून घेतला. सातवी प्रणाली. "हो. ती बाहेर उभी हाये, तिले बसाले द्या कोनी तरी."

गुणवंतरावांचा चेहरा खुलला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. ते गोंधळले होते. जिंकायला आलेल्या माणसाला समोरच्यानं दार उघडून दिलं की जसं होतं तसं. ते म्हणाले, "साहेब, म्या... म्या तं म्हनलं बाई नाई म्हनन..."

लीलाबाई मागून म्हणाली, "आता काऊन तोंड वाकडं करून राह्यला? भेटलं न?"

साहेबांनी बाबूंना लिहायला सांगितलं: सात अपत्ये मान्य. बाबू लिहीत असताना साहेबांनी फाईल उलटली आणि थांबले. "इथं आणखी एक उतारा आहे."

गुणवंतराव म्हणाले, "म्या सातच लावले."

"तुम्ही नाही. आमच्या कार्यालयानं आसपासच्या सगळ्या शाळांकडून माहिती मागवली होती. हा सिंदीच्या एका शाळेतून आलाय. नाव सुनीता. जन्म त्या तारखेनंतरचा. आईचं नाव..." त्यांनी कागद वळवून बेबीताईकडे धरला. "तुमचंच. पूर्ण नाव, गावासकट."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बेबीताईनं लीलाबाईकडे, लीलाबाईनं भाऊरावांकडे, भाऊरावांनी माझ्याकडे. मी बत्तीस वर्षं त्या घरात येतो-जातो. सुनीता नावाची मुलगी त्या घरात कधी नव्हती. सिंदीच्या त्या शाळेत बेबीताईनं कोणालाच घातलं नव्हतं.

"आजी, ही कोण?"

"मले नाई मालूम."

वकील ताडकन उभे राहिले. "नोंद घ्या साहेब! आठवीबद्दल माझ्या अशिलाला माहिती नाही. म्हणजे या नोंदी विश्वासार्ह नाहीत. कोणीही कोणाचंही नाव लावू शकतं. एक पडली की सातही पडतात!"

खोलीत पहिल्यांदाच वाट दिसली. एक 'नाही' म्हणायचं, तेही खरं! पद वाचत होतं, पाळणाघर वाचत होतं. आणि सात जणींना हो म्हणून झालंच होतं, त्यांना तिनं टाकलं असं कोणी म्हणणार नव्हतं. मी मनात म्हटलं, ताई, म्हण. एवढं एकदा म्हण.

बेबीताईनं कागद हातात घेतला. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरला. मग विचारलं, "आता केवढी असन?"

साहेबांनी तारीख पाहिली. "एकोणीस."

"हाये कुठं?"

"ते यात नाही."

"मंग लिवा. माही."

"आजी, आत्ता म्हणालात ओळखत नाही!"

"ओळखत नाई. लिवा."

बाबूंचे हात थांबले होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग लिहिलं गेलं: आठ. निकाल राखून ठेवला. अजून राखूनच आहे. प्रणालीची तपासणी झाली, तिला प्रवेश मिळाला. पत्रे आले आहेत आणि इमारतीच्या बाहेर एकावर एक रचून पडले आहेत. कशावर चढवायचे ते कोणालाच माहीत नाही.

मला मात्र झोप लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या एसटीनं सिंदीला गेलो. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका दोन वर्षांपूर्वीच आलेल्या. जुन्या शिक्षकांपैकी एक हयात नाहीत, दुसऱ्यांना सुनीता आठवत नाही. "हंगामात जिनिंगची तीस-चाळीस पोरं यायची हो," एवढंच ते म्हणाले. मी नोंदवही मागितली. मुख्याध्यापिकांनी काढून दिली.

सुनीता पहिलीत दाखल झाली होती आणि चौथी पास होऊन गेली. चार वर्षं हजेरी जवळजवळ पूर्ण. पालकसभांच्या चार नोंदी, चारही सभांना 'आई उपस्थित'. शेवटी शाळा सोडल्याचा दाखला आईनं येऊन नेला.

बेबीताई सातवी शिकलेली आहे. आयुष्यभर सही करत आली, दारूच्या कॅनवरसुद्धा सहीच केली. त्या नोंदवहीत पाचही ठिकाणी बेबीताईच्या नावापुढे डाव्या हाताचा अंगठा आहे. पाचही अंगठे सारखे दिसतात. तो कोणाचा, हे मी शाळेला विचारलं, कार्यालयाला लेखी विचारलं, जिनिंगच्या जुन्या मुकादमाला विचारलं. अजून कोणी सांगितलेलं नाही.